स्थिर कार्बन समस्थानिकांवरून माणसाचा आहार आणि परिसर कसा अभ्यासावा

सोलापूरच्या ज्वारीच्या भाकरीतला आणि रत्नागिरीच्या भातातला कार्बन रासायनिक गुणांनी एकच असतो, पण त्यातल्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण सारखे नसते. भाकरीत जड अणू किंचित जास्त असतात, भातात किंचित कमी. आणि हा फरक जेवणाऱ्याच्या केसांत, नखांत, हाडांत आणि दातांत उतरून तिथे टिकून राहतो. एवढ्या एका गोष्टीच्या आधाराने तीन हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाचे मुख्य धान्य कोणते होते, एखाद्या तळ्याभोवती कधी झाडी होती आणि कधी गवत, किंवा हवेत मिसळणारा धूर डिझेलचा आहे की उसाच्या पाचटाचा, असे प्रश्न विचारता येतात. पुरातत्त्व, मानवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या आणि असा अभ्यास पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या वाचकासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. यंत्र चालवणे हा यातला त्यामानाने सोपा भाग आहे, कारण ते काम बहुधा प्रयोगशाळेतले जाणकार करतात. अवघड भाग यंत्राच्या आधी आणि नंतर येतो, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

आकडा नेमका कशाचा असतो

निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के अणू कार्बन-१२ चे आणि सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ चे असतात. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड अणूंना समस्थानिक म्हणतात. हे दोन्ही स्थिर आहेत, म्हणजे काळाबरोबर ते क्षय पावत नाहीत. कार्बन-१४ किरणोत्सर्गी असून तो वस्तूचे वय ठरवण्यासाठी वापरतात. त्याची गल्लत इथे होऊ देऊ नये. नमुन्यांमधला फरक इतका सूक्ष्म असतो की टक्केवारीत तो दिसतच नाही, म्हणून तो एका ठरलेल्या प्रमाणकाशी ताडून दर हजारी मोजतात. नमुन्यातील कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांच्या गुणोत्तराला प्रमाणकातील त्याच गुणोत्तराने भागायचे, आलेल्या संख्येतून एक वजा करायचा आणि बाकीला एक हजाराने गुणायचे. जे उत्तर येते त्याला डेल्टा मूल्य म्हणतात. मूळ प्रमाणक म्हणजे अमेरिकेतील साउथ कॅरोलायनातल्या पी-डी नावाच्या खडकथरात सापडलेला बेलेम्नाइट या प्राचीन सागरी प्राण्याचा जीवाश्म. तो साठा केव्हाच संपला असून आता व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आखून दिलेली, त्याच नावाची मोजपट्टी वापरली जाते. त्या जीवाश्मात जड कार्बनचे प्रमाण बरेच जास्त होते, म्हणून वनस्पती आणि प्राणी यांची जवळजवळ सर्व मूल्ये उणे येतात. उणे २० याचा अर्थ नमुन्यातील ते गुणोत्तर प्रमाणकापेक्षा दोन टक्क्यांनी कमी आहे, इतकाच. उणे १२ हा उणे २७ पेक्षा जड असतो, हे पहिल्या आठवड्यात अनेकांच्या डोक्यात उलटे बसते. वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवलेले बरे. यापुढील सर्व आकडे दर हजारी आहेत.

वनस्पतींमध्ये हा फरक प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीमुळे पडतो. भात, गहू, जव, सर्व डाळी, भुईमूग, नारळ, जवळपास सर्व फळे आणि भाज्या, आणि झाडे या सी-३ वनस्पती आहेत. त्यांच्यातले रुबिस्को हे विकर (एन्झाइम) हवेतला हलका कार्बन पसंत करते, म्हणून त्यांचे मूल्य बहुधा उणे २२ ते उणे ३४ आणि सरासरीने उणे २७ च्या आसपास असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राळा, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते या सी-४ वनस्पती होत. त्यांचे पहिले विकर वेगळे असून ते असा निवडकपणा फारसा दाखवत नाही, त्यामुळे त्यांचे मूल्य उणे ९ ते उणे १६ आणि सरासरीने उणे १२.५ च्या सुमारास येते. दोन्ही गटांच्या कक्षा एकमेकींवर चढत नाहीत, आणि या सगळ्या पद्धतीचा पाया हाच आहे. राजगिरा तृणधान्य नसूनही सी-४ आहे, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो सी-३ आहे, आणि निवडुंग, घायपात व अननस हे सीएएम नावाच्या तिसऱ्या प्रकारात मोडून मधली मूल्येही देऊ शकतात. आपल्याकडची साखर उसाची म्हणून सी-४. युरोपात ती मुख्यतः बीटाची, म्हणजे सी-३ असते.

फोगेल आणि व्हान डर मर्व यांनी १९७७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या प्राचीन सांगाड्यांवरून तिथे मका कधी खाल्ला जाऊ लागला हे दाखवले, तेव्हापासून ही पद्धत पुरातत्त्वात रुळली. पुढच्याच वर्षी डिनीरो आणि एपस्टाइन यांनी प्राण्यांना ठरावीक खाद्य देऊन शरीरातला कार्बन खाद्याच्या मागोमाग कसा बदलतो ते प्रयोगाने तपासले. अमेरिकेतले उदाहरण सोपे होते, कारण सी-३ वनस्पतींच्या प्रदेशात मका हे एकच सी-४ पीक बाहेरून आले होते. दख्खनच्या पठारावर असा एकच नवखा पाहुणा नाही. इथे राळ्यासारखी भरड धान्ये, आफ्रिकेतून आलेली ज्वारी-बाजरी, गहू, जव, डाळी आणि सी-४ गवतावर चरणारी गुरे हे सगळे एकत्र येते, त्यामुळे तिथली उत्तरे जशीच्या तशी इथे लावता येत नाहीत.

कोणता ऊतक कोणत्या काळाबद्दल बोलतो

नमुना निवडण्याआधी आपला प्रश्न किती काळाबद्दल आहे ते ठरवावे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि एकदा वाढलेला भाग बदलत नाही, म्हणून बारा सेंटिमीटर लांबीचा केस म्हणजे गेल्या वर्षभराची रोजनिशी असते. नख काही महिन्यांचे सांगते. हाडातले कोलॅजेन हे प्रथिन सतत झिजते आणि नव्याने भरले जाते. प्रौढ माणसाच्या मांडीच्या हाडात दहा वर्षांहून अधिक काळाची सरासरी मिळते, तर बरगडी त्यापेक्षा लवकर नवी होते. दातांवरचे एनॅमल बालपणी तयार झाल्यावर पुन्हा बदलत नाही. पहिल्या कायमच्या दाढेचा माथा जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंत घडतो, तर अक्कलदाढेचा माथा साधारण सात-आठव्या वर्षानंतर घडू लागून किशोरवयात पुरा होतो. म्हणून एकाच व्यक्तीची पहिली दाढ, अक्कलदाढ आणि बरगडी तपासली तर तिचे अंगावरचे दूध पिण्याचे वय, किशोरवय आणि अखेरची वर्षे अशी तीन चित्रे शेजारी ठेवता येतात.

अन्नातला कार्बन शरीरात जाताना त्याचे मूल्य जसेच्या तसे राहत नाही. हाडातले कोलॅजेन आहारापेक्षा सुमारे ५ ने जड असते, केसांतले केराटिन हे प्रथिन सुमारे २ ते ३ ने, आणि हाडांतला किंवा एनॅमलमधला खनिज कार्बोनेट सुमारे ९ ते १२ ने. त्यामुळे केवळ सी-३ अन्न खाणाऱ्या प्राचीन माणसाचे कोलॅजेन साधारण उणे २१.५ आणि केवळ सी-४ खाणाऱ्याचे साधारण उणे ७.५ अपेक्षित धरतात. एकाच व्यक्तीच्या केसाची कोलॅजेनशी तुलना करायची झाल्यास केराटिनच्या मूल्यात सुमारे १.४ मिळवतात.

इथे एक बारकावा आहे आणि तो महाराष्ट्रातल्या जेवणाबाबत फार महत्त्वाचा ठरतो. कोलॅजेन आणि केराटिन मुख्यतः आहारातल्या प्रथिनांपासून घडतात, तर खनिज कार्बोनेटमध्ये पिष्ट, स्निग्ध आणि प्रथिन अशा सगळ्याच अन्नाचा कार्बन मिसळतो. ज्वारीची भाकरी आणि पिठले हे जेवण घेतले, तर उष्मांक बहुतेक भाकरीचा असतो, पण बेसनात वजनाच्या मानाने ज्वारीच्या दुपटीइतकी प्रथिने असतात, आणि बेसन सी-३ आहे. अशा माणसाचे कोलॅजेन ज्वारीचा वाटा प्रत्यक्षाहून कमी दाखवील आणि एनॅमल तो अधिक खरा दाखवील. उलट, भात खाणाऱ्या घरात कडबा आणि उसाचे वाढे खाणाऱ्या म्हशीचे दूध रोज येत असेल, तर घरात भाकरी न थापताही कोलॅजेनमध्ये सी-४ ची छटा उमटेल. त्याच म्हशीला सरकी पेंड घातली तर ती छटा फिकी होईल. म्हणून जिथे शक्य असेल तिथे कोलॅजेन आणि एनॅमल ही दोन्ही मोजावीत. एकावर भागवायची वेळ आलीच, तर कोणते मोजले आणि त्यामुळे काय झाकले गेले ते निष्कर्षातच लिहावे.

केसांचा नमुना

जिवंत व्यक्तींवरचा अभ्यास असेल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि प्रत्येकाची लेखी संमती घेतल्याशिवाय कात्रीला हात लावू नये. डोक्याच्या मागच्या बाजूचे, टाळूलगत कापलेले पंधरा-वीस केस पुरतात. कापण्याआधीच मुळाकडच्या टोकाला सुती दोरा बांधावा आणि जुडी स्वच्छ कागदाच्या पाकिटात ठेवून पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक घालावा. हा दोरा क्षुल्लक वाटतो, पण मी माझ्या पहिल्या जुडीला तो बांधायला विसरलो आणि नंतर केसाचे कोणते टोक आषाढातले आणि कोणते फाल्गुनातले, हे ठरवण्याचा कोणताच मार्ग उरला नाही. केसाला रंग किंवा मेंदी लावली आहे का, व्यक्ती गेल्या वर्षात दुसऱ्या गावी राहिली का, मांसाहार, मासे आणि दूध किती वेळा घेतले जाते, दूध कुठून येते, हे सगळे त्याच दिवशी विचारून लिहावे. उपवासाचीही नोंद करावी, पण त्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. एका एकादशीची भगर केसात दिसणार नाही. चार महिन्यांच्या चातुर्मासात आहार खरोखर पालटला असेल, तर चार सेंटिमीटरांत तो दिसू शकतो.

धुलाईसाठी दोन भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग मिथेनॉल यांचे मिश्रण वापरतात. त्यात केस ढवळून तेल, घाम आणि धूळ काढली जाते, मग शुद्ध पाण्याने खळबळून नमुना सुकवतात. हे काम धूर खेचणाऱ्या कपाटातच करावे. महाराष्ट्रात खोबरेल तेलाचा वापर लक्षात घेता धुलाई एकदा करून थांबू नये, कारण तेल हे सी-३ असून त्याचे मूल्य केसापेक्षा बरेच हलके असते. नंतर केस मुळापासून एक-एक सेंटिमीटरचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्याचे सुमारे अर्धा मिलिग्रॅम वजन कथलाच्या चिमुकल्या डबीत भरून ती चिमट्याने घट्ट मिटतात. निष्कर्षासोबत कार्बन आणि नायट्रोजन यांचे अणुगुणोत्तर नेहमी पाहावे. केसासाठी ते ३.० ते ३.८ यांच्या बाहेर गेले, तर नमुना खराब झाला आहे किंवा नीट धुतला गेलेला नाही असे समजून तो बाजूला ठेवावा.

हाडे आणि दात

उत्खननातल्या मानवी अवशेषांना हात लावण्याआधी संग्रह ज्याच्या ताब्यात आहे त्या संस्थेची लेखी परवानगी, हाडाची छायाचित्रे, मापे आणि शक्य असल्यास साचा, हे सगळे आधी करावे. नमुना काढणे म्हणजे वस्तूचा एक भाग कायमचा नष्ट करणे आहे. जुन्या संग्रहांतली हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्यांवर बहुधा कृत्रिम डिंक किंवा लाखेसारखे लेप दिलेले असतात. त्या लेपांचा कार्बन हाडाच्या कार्बनमध्ये मिसळतो, म्हणून संवर्धनाची नोंदवही मागून घ्यावी, आणि नोंद नसेल तर लेप आहेच असे धरून अ‍ॅसिटोनने तो आधी उतरवावा.

दख्खनच्या उन्हात आणि फुगणाऱ्या-आकसणाऱ्या काळ्या मातीत कोलॅजेन टिकणे कठीण असते. म्हणून संपूर्ण प्रक्रिया सुरू करण्याआधी हाडाचे काही मिलिग्रॅम चूर्ण घेऊन त्यातल्या नायट्रोजनची टक्केवारी मोजावी. ताज्या हाडात ती सुमारे ४ असते, ती ०.७ च्या खाली गेली असेल, तर उपयोगी कोलॅजेन मिळण्याची आशा थोडी असते आणि तिथे हाडाचा आणखी नाश करू नये. आशा असेल, तर अर्धा ते एक ग्रॅम हाडाचा पृष्ठभाग घासून स्वच्छ करतात आणि तुकडा अर्ध्या मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात थंड जागी ठेवतात. खनिज विरघळून हाड मऊ आणि पारदर्शक होईपर्यंत कित्येक दिवस जाऊ शकतात. आम्ल बदलत राहावे, उष्णता देऊन घाई करू नये. मातीतली ह्यूमिक द्रव्ये, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेले पदार्थ, काढण्यासाठी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडची धुलाई देतात. त्यानंतर किंचित आम्लयुक्त पाण्यात, सुमारे ७० अंश सेल्सिअसला दोन दिवस ठेवल्यावर कोलॅजेन जिलेटिनच्या रूपात विरघळते. ते गाळून, गोठवून, निर्वातात सुकवले की पांढरा कापसासारखा पदार्थ उरतो. तो तपकिरी आणि चिवट निघाला, तर आनंदित होऊ नये. कार्बन-नायट्रोजन अणुगुणोत्तर २.९ ते ३.६ यांच्या आत असणे आणि मिळालेले कोलॅजेन मूळ हाडाच्या किमान एक टक्का असणे, या दोन कसोट्या उतरल्याशिवाय आकडा वापरू नये.

कोलॅजेन नसेल तर एनॅमलकडे वळावे. ते बरेच घट्ट असल्याने भूगर्भातल्या पाण्यातील कार्बोनेट त्यात सहसा शिरत नाही. हाडातल्या खनिजाबाबत मात्र तसा भरवसा ठेवता येत नाही. हिऱ्याच्या टोकाच्या बारीक ड्रिलने वरचा थर काढून टाकावा, मग दहा-वीस मिलिग्रॅम चूर्ण घ्यावे आणि ते घेताना ड्रिल एनॅमलखालच्या डेंटिन या थरात जाऊ देऊ नये. सौम्य सोडियम हायपोक्लोराइटने सेंद्रिय अंश आणि नंतर ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लाने वरवरचे कार्बोनेट काढतात. आम्लात ठेवण्याची वेळ सर्व नमुन्यांना मिनिटाबरहुकूम सारखी द्यावी, कारण वेळ बदलली तर मूल्यही सरकते. शेवटी फॉस्फोरिक आम्लाशी अभिक्रिया घडवून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात.

पुणे जिल्ह्यातले इनामगाव हे या पद्धतीने विचारायच्या प्रश्नांचे चांगले उदाहरण आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत घरांच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली बालके मोठ्या संख्येने मिळाली. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या ऊतकांत नायट्रोजन-१५ (नायट्रोजनचा जड समस्थानिक) आईच्या तुलनेत २ ते ३ ने आणि कार्बन-१३ सुमारे १ ने चढलेला असतो, आणि दूध तुटल्यावर दोन्ही उतरतात. कार्बन आधी उतरला, तर वरचे अन्न नायट्रोजन सांगतो त्याहून लवकर सुरू झाले असे मानता येते. अशा जागी कोलॅजेन टिकले असेल, तर त्या आयांनी बाळांना वरचे अन्न म्हणून काय भरवले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

यंत्रातून आकडा मिळवताना

मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, जोडलेल्या ज्वलनयंत्रात कथलाची डबी सुमारे १००० अंशाच्या नळीत ऑक्सिजनसह पडते आणि नमुना क्षणात जळतो. हेलियमचा प्रवाह वायूंना तांब्यावरून आणि पाणी शोषणाऱ्या नळीतून नेतो, आणि कार्बन डायऑक्साइडचे ४४, ४५ आणि ४६ वस्तुमानाचे रेणू वेगवेगळे मोजले जातात. अभ्यासकाचे काम इथे इतकेच, की आपल्या नमुन्यांच्या मधेमधे ज्ञात मूल्याची किमान दोन संदर्भद्रव्ये ठेवली जातील असा आग्रह धरावा, आणि ती आपल्या नमुन्यांच्या अपेक्षित मूल्यांच्या दोन्ही बाजूंना असावीत. समजा, यूएसजीएस-४० या ग्लुटामिक आम्लाचे मान्य मूल्य उणे २६.३९ आहे आणि यंत्राने उणे २६.०९ दाखवले, आयएईए-सीएच-६ या सुक्रोजचे मान्य मूल्य उणे १०.४५ आहे आणि यंत्राने उणे १०.३५ दाखवले. खरे अंतर १५.९४ आणि मोजलेले १५.७४, म्हणून गुणक १.०१२७ येतो. आपला केस यंत्राने उणे १८.२० दाखवला असेल, तर तो पहिल्या संदर्भापासून ७.८९ वर आहे. त्याला गुणकाने गुणून ७.९९ मिळतात आणि दुरुस्त मूल्य उणे १८.४० ठरते. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा मोजावा. चांगल्या प्रयोगशाळेत दोन वाचनांत ०.१ ते ०.२ पेक्षा जास्त फरक पडत नाही, म्हणून दोन व्यक्तींमधल्या ०.२ च्या फरकावर आहारशास्त्राचा डोलारा उभारू नये.

अर्थ लावणे, म्हणजे खरे काम

सी-४ अन्नाचा वाटा काढण्याचे गणित शाळकरी आहे. आहाराचे मूल्य आणि निव्वळ सी-३ चे मूल्य यांतल्या अंतराला, सी-४ आणि सी-३ यांतल्या अंतराने भागायचे. आजच्या एखाद्या केसाचे मूल्य उणे १८ आले, केराटिनची वाढ २.५ धरली, तर आहार उणे २०.५ होतो. आजचे सी-३ अन्न उणे २८ आणि सी-४ उणे १२.५ मानले, तर वाटा ४८ टक्के. पण केराटिनची वाढ ३ आणि सी-३ चे मूल्य उणे २७ धरले की तोच वाटा ४१ टक्क्यांवर येतो. वाढ २ आणि सी-३ उणे २९ धरले की ५५ टक्क्यांवर जातो. एकच केस, एकच वाचन, आणि गृहीतकांनुसार ४१ ते ५५. म्हणून '४८ टक्के' असे न लिहिता ती कक्षा लिहावी, आणि त्यातही हा प्रथिनांकडे झुकलेला वाटा आहे हे नमूद करावे.

ही कक्षा आवळण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे, तो म्हणजे पुस्तकातली सरासरी न वापरता त्याच गावातले धान्य, डाळ, चारा, दूध, अंडी आणि मासे गोळा करून मोजणे. प्राचीन स्थळाबाबत हेच काम त्याच थरातली जनावरांची हाडे आणि जळून टिकलेले धान्याचे दाणे करतात. यात एक दुरुस्ती विसरू नये. औद्योगिक क्रांतीनंतर जाळलेल्या कोळसा आणि तेलामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड हलका होत गेला असून त्याचे मूल्य सुमारे उणे ६.५ वरून उणे ८.५ च्या आसपास आले आहे. याला स्यूस परिणाम म्हणतात. आजच्या ज्वारीची तुलना इसवी सनापूर्वीच्या हाडाशी करताना आजच्या मूल्यात हा सुमारे २ चा फरक मिळवावा लागतो.

आता सर्वांत मोठा सापळा. देशावरच्या भाकरी-डाळ खाणाऱ्या माणसाचे आणि कोकण किनाऱ्यावरच्या भात-मासे खाणाऱ्या माणसाचे कार्बनचे मूल्य एकच येऊ शकते, कारण समुद्री माशांचे मांस सी-३ आणि सी-४ यांच्या मधल्या, उणे १६ ते उणे १८ च्या, पट्ट्यात असते. केवळ कार्बन पाहणाऱ्याला बांगडा आणि बाजरी यांतला फरक सांगता येणार नाही. तिथे नायट्रोजन-१५ हा दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला तो ३ ते ४ ने चढतो आणि समुद्रातली साखळी लांब असल्याने मासे खाणाऱ्याचा नायट्रोजन वरचा असतो, तर हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या डाळींचा शून्याजवळ राहतो. शेणखताने तो पिकातही चढतो, याचेही भान ठेवावे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या केसांवर काम करणाऱ्याला आणखी एक अडचण येईल. तिथली कोंबडी आणि गुरे मक्यावर पोसलेली असतात आणि गोड पेयांतही मक्याचा साखरी पाक असतो, त्यामुळे भाकरीचे दर्शन न होताही केस भाकरी खाल्ल्यासारखा दिसतो.

बाजारातल्या मधाची तपासणी याच तत्त्वावर चालते आणि तिची मर्यादाही तीच आहे. मध बहुतांशी सी-३ फुलांचा असल्याने त्यात उसाची किंवा मक्याची साखर मिसळली की मधातल्या प्रथिनाच्या आणि साखरेच्या मूल्यांत अंतर पडते; मात्र तांदळापासून केलेला पाक मिसळला तर तोही सी-३ असल्याने ही चाचणी गप्प बसते.

माती, तळी, झाडे आणि हवा

मातीतल्या सेंद्रिय कार्बनचे मूल्य तिथे उगवलेल्या वनस्पतींच्या जवळ राहते, म्हणून खोल थरात उणे २६ आणि वरच्या थरात उणे १६ दिसले, तर तिथे झाडी जाऊन गवत, ज्वारी किंवा ऊस आला असावा. दर दहा सेंटिमीटरला नमुना घ्यावा, मुळे चिमट्याने वेचावीत आणि माती बारीक चाळावी. दख्खनच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात आणि त्यांचा कार्बन सेंद्रिय नसतो, म्हणून आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का ते पाहावे आणि येत असेल तर आम्लाच्या वाफेने तो पूर्ण काढावा. हे काम चांदीच्या डबीत करावे, कथलाची डबी आम्लाने खाल्ली जाते. उलट, तीच चुनखडी स्वतंत्रपणे मोजली तर ती जुन्या वनस्पतींबद्दल बोलते, कारण मातीत घडलेला कार्बोनेट तिथल्या सेंद्रिय कार्बनपेक्षा साधारण १४ ते १७ ने जड असतो. पाकिस्तानातल्या शिवालिक थरांत याच मार्गाने सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी सी-३ वनस्पतींची जागा सी-४ गवतांनी घेतल्याचे दिसून आले.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळाने गेल्या काही हजार वर्षांतल्या पावसाचा इतिहास सांगितला आहे, आणि त्यात दीर्घ अवर्षणाचे काळ ओळखले गेले आहेत. पण तिथे बांगडा-बाजरीसारखाच पेच आहे. खारट आणि अल्कधर्मी पाण्यातले शैवाल पाण्यातला बायकार्बोनेट वापरते आणि त्याचे मूल्य जड होऊन सी-४ गवतासारखे दिसू शकते. म्हणून नुसता एकूण सेंद्रिय कार्बन न मोजता पानांवरच्या मेणातली लांब साखळीची संयुगे वेगळी काढून मोजतात. ती जमिनीवरच्या वनस्पतींकडूनच येतात.

सागवानाच्या वर्तुळांतून वेगळीच माहिती मिळते. दुष्काळात झाड पर्णरंध्रे मिटून घेते, आतला कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, रुबिस्कोला निवड करायला वाव उरत नाही आणि त्या वर्षीचे लाकूड जड होते. लाकडातून सेल्युलोज वेगळे काढूनच मोजावे, कारण लाकडातल्याच लिग्निन या दुसऱ्या घटकाचे मूल्य वेगळे असते. झाडाच्या बालवयातली पहिली काही दशके हिशेबात धरू नयेत, आणि अलीकडच्या वर्तुळांना स्यूस दुरुस्ती द्यावी.

हवेसाठी गोव्यातील काणकोण तालुक्यातल्या काबो द राम या समुद्रकिनाऱ्यावरील उंचवट्याचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. तिथे १९९३ पासून काही वर्षे काचेच्या कुप्यांमध्ये हवा भरून ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत तिचे प्रमाण आणि समस्थानिक मोजले गेले. जागा फार विचारपूर्वक निवडली होती: नैर्ऋत्य मोसमात तिथे समुद्रावरची हवा येते, हिवाळ्यात भूभागावरची, आणि दोहोंतला फरक भूभागाने हवेत काय घातले ते दाखवतो. एवढी यंत्रणा हाताशी नसली, तरी एका रात्रीत वेगवेगळ्या वेळी भरलेल्या आठ-दहा कुप्यांवर कीलिंग या शास्त्रज्ञाची आलेखपद्धत वापरता येते. आडव्या अक्षावर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाचा व्यस्त आणि उभ्या अक्षावर डेल्टा मूल्य घेऊन सरळ रेषा ओढावी. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तेच हवेत नव्याने मिसळणाऱ्या वायूचे मूल्य असते. ते उणे २८ च्या जवळ आले तर पेट्रोल-डिझेल, झाडे किंवा लाकूडफाटा, उणे ४० च्या आसपास गेले तर नैसर्गिक वायू, आणि गळीत हंगामात साखर कारखान्याजवळ उणे १२ कडे सरकले तर उसाचे चिपाड किंवा पाचट असे अनुमान धरता येते. पहिल्या तिघांना कार्बन वेगळे करू शकत नाही, म्हणून तिथेही कार्बन-१४ किंवा कार्बन मोनॉक्साइडसारखा दुसरा पुरावा जोडावा.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक नमुन्याचे दुरुस्त मूल्य, वापरलेली संदर्भद्रव्ये, दुहेरी मोजणीतला फरक, कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर, कोलॅजेनचा उतारा आणि कसोटीत नापास होऊन वगळलेल्या नमुन्यांची यादी तक्त्यात द्यावी. उरलेले कोलॅजेन आणि केसांचे तुकडे काचेच्या कुपीत, कोरड्या जागी, मूळ क्रमांकासह जपून ठेवावेत. त्याच नमुन्यावर पुढे कोणाला कार्बन-१४ चे कालमापन करायचे असेल, तर हाड पुन्हा कापावे लागणार नाही.